धूर जातो कुठे?

(स्मृती व्याख्यानमालेत भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'घरातली विजेची उपकरणे आणि आपले आरोग्य'. पत्रिका वाटली गेल्यापासून जे भेटले त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: सर, मोबाईलच्या किरणांनी कॅन्सर होतो का? दुसरा प्रश्न शेजारच्या गच्चीवरच्या टॉवरचा. प्रश्न रास्त आहेत. म्हणून त्यांचे उत्तर आधी देतो आणि मग ज्यासाठी इथे उभा आहे तिकडे वळतो.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑन इथे आहे. कशामुळे कर्करोग होतो याचे पुरावे तपासून ती गट पाडते. मे २०११ मध्ये तिने रेडिओलहरी '२ ब' या गटात टाकल्या. म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली. आता त्याच संस्थेची दुसरी नोंद पाहा. घरात लाकूडफाटा जाळल्याचा धूर '२ अ' मध्ये आहे, म्हणजे एक पायरी वर. घरात कोळसा जाळल्याचा धूर तर पहिल्याच गटात, तंबाखूच्या पंक्तीला. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते सांगत नाहीत. तेवढे भान ठेवूनही मला विचारावेसे वाटते, की टॉवरविरुद्ध निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर जाणारे आपण आपल्याच घरातल्या चुलीबद्दल, मच्छर अगरबत्तीबद्दल, काळ्या पडलेल्या बोर्डाबद्दल गप्प का असतो?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या खोलीत काही जळते, तापते किंवा वायू सोडते, त्या खोलीतून ते बाहेर जायला वाट हवी, आणि बाहेरची हवा आत यायला दुसरी वाट हवी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण घरे बदलली, घरातली यंत्रे बदलली, आणि या दोन्ही वाटा बुजवत गेलो.

आपल्या जिल्ह्यातले जुने घर डोळ्यांसमोर आणा. मातीच्या भिंती, वर लाकडी मयाली आणि कवेलू. कवेलूंच्या फटींतून चुलीचा धूर झिरपत वर निघून जायचा. पहाटे गावाकडे पाहिले तर प्रत्येक छपरातून धूर उठताना दिसे. त्या घरात सगळे छान होते असे मी म्हणणार नाही. आपल्या आज्या-आयांचे डोळे त्या धुरानेच गेले, आणि त्यांचा खोकला हा त्यांच्या वयाचाच भाग आहे असे आपण धरून चाललो. पण निदान छप्पर तरी श्वास घेत होते. आता घरकुल आले, वर स्लॅब पडला, नाही तर टिनपत्रे आली. स्लॅब गळत नाही, उंदीर पाडत नाही, त्याचे मोल मला कळते. मात्र त्या स्लॅबखाली, खिडकी नसलेल्या मागच्या खोलीत, चूल तीच राहिली.

कुणी म्हणेल, आता गॅस आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावोगाव पोहोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या घरात जाऊन पाहा. पाहुण्यांचा चहा गॅसवर होतो. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि हिवाळ्यातला सगळा सयपाक चुलीवर. सिलिंडरचे पैसे एकरकमी द्यावे लागतात, सरपण रोज थोडे थोडे आणता येते. मजुरीवर जगणाऱ्या बाईचा हिशेब चुकत नाही. चुकते ते एवढेच, की त्या हिशेबात तिच्या फुप्फुसाची किंमत कुणीच धरलेली नाही.

ती किंमत मोजायला पहिल्यांदा कोण बसले? कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत आले आणि सयपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा ओढणारे छोटे यंत्र लावून त्या किती धूर घेतात ते त्यांनी मोजले. शहराच्या प्रदूषणावर जग बोलत होते तेव्हा हा माणूस चुलीपुढे बसला होता. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी आहेत आणि चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणून श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचे, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात त्या रोगाचे, जगातले सर्वांत मोठे कारण हा धूरच असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर ३२ लाख माणसे गेली. आयुष्यात विडी न ओढलेली बाई दवाखान्यात येते आणि तिचे फुप्फुस विडी ओढणाऱ्यासारखे निघते, यात नवल काहीच नाही.

विडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. भंडारा-गोंदिया हा तेंदूपत्ता आणि विडीचा मुलूख. विड्या वळण्याचे काम कारखान्यापेक्षा घरात जास्त चालते. सूप मांडीवर, त्यात तंबाखूची भुकटी, बाजूला पोर झोपलेले. तंबाखू पेटवली नाही तरी तिची भुकटी नाकात जातेच. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीही ओळखला जातो, आणि तिथेही असाच प्रकार आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे वितळते १०८५ अंशांना, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. मुशीतला रस ओतताना जो पांढरा धूर सुटतो तो जस्ताचा. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि रोग मलेरियाच्या नावावर खपतो. युरोपातल्या पितळ ओतणाऱ्या कारागिरांमध्ये हा ताप दीडशे वर्षांहून जुना आहे. ज्या घराच्या पडवीत अशी भट्टी आहे, त्या घरातल्या कारागिराला मी एवढेच सांगेन, की तापाची तारीख आणि ओतकामाची तारीख एकदा जुळवून पाहा.

आणखी एक स्थानिक गोष्ट. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण आहे. तिथले मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी जाते. टॉर्च, रिमोट, भिंतीवरचे घड्याळ यांच्या सेलमधली जी काळी भुकटी, तिचा माल आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघतो. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर हातपाय ताठरतात, चाल बिघडते. १८३७ सालीच ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरांनी ते मजुरांमध्ये पाहून लिहिले होते. सेल नीट बंद असतो तोवर घरात त्याचा त्रास नाही. पण संपलेले सेल चुलीत टाकायची सवय काही घरांत आहे. ती आजच बंद करा.

आता झोपायच्या खोलीत येऊ. भातशेतीचा आणि तळ्यांचा जिल्हा, त्यामुळे डास आपल्या पाचवीला पुजलेले. संध्याकाळी दारे-खिडक्या बंद करायच्या आणि मच्छर अगरबत्ती लावायची, ही आपली रीत. २००३ मध्ये वैली ल्यू आणि सहकाऱ्यांनी या अगरबत्तीचा धूर प्रयोगशाळेत मोजला. एक वेटोळे पूर्ण जळले तर त्यातून जेवढे सूक्ष्म कण निघतात तेवढे निघायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधून डॉ. साळवी हेच आपल्याकडच्या लोकांना सांगत आले: एक कॉइल म्हणजे सुमारे शंभर सिगारेटी. ज्या घरात बापाला विडी ओढायला अंगणात पाठवतात, त्याच घरात बाळाच्या खाटेखाली कॉइल ठेवतात.

विजेवरचे लिक्विड मशीन धूर करत नाही, म्हणून ते कॉइलपेक्षा बरे. पण त्यातून रात्रभर कीटकनाशकाची वाफच निघते, आणि बंद खोलीत ती साचते. सर्वांत वाईट म्हणजे बाजारातल्या बिननावाच्या मच्छर अगरबत्त्या, ज्यांच्या पाकिटावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांकच नसतो. आत काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. मच्छरदाणी स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही, आणि बाळासाठी तिच्यापेक्षा चांगले साधन मला माहीत नाही.

उन्हाळ्याबद्दल बोलल्याशिवाय विदर्भातले कुठलेच व्याख्यान पुरे होत नाही. नवतपात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कूलर ही चैन राहत नाही. कूलरच्या बाजूने मला बोलायचे आहे. हवेच्या दृष्टीने तो एसीपेक्षा प्रामाणिक आहे. खिडकीत नीट बसवलेला कूलर ताटीतून बाहेरची ताजी हवा ओढून आत टाकतो. अट एकच, समोरचे दार किंवा खिडकी उघडी हवी. अनेकजण कूलर खोलीच्या आत आणून ठेवतात आणि दार लावून घेतात. मग तीच दमट हवा फिरत राहते, भिंतींना बुरशी धरते, दम्याच्या माणसाची रात्र बसून जाते. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आणि कूलरला अर्थिंग हवे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, त्यांत पाणी भरायला गेलेली पोरे असतात.

एसीचे गणित वेगळे. आपल्या घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतली हवा थंड करून परत खोलीतच सोडतो. हिशेब मांडून पाहू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. त्यात हवा साधारण ३४ हजार लिटर. झोपलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघे झोपले तर ४८ लिटर. फटीसुद्धा नाहीत असे धरले तर तासाभरात त्या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या चौपट होते. जर्मनीतल्या म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच बंद खोलीसाठी हजारात एक भाग ही मर्यादा सांगितली होती. ती आपण पहिल्याच तासात ओलांडतो. या वायूने कुणी मरत नाही. सकाळी डोके जड होते, पोरगा शाळेत पेंगतो. पण हा वायू साचतो आहे याचा अर्थ बाकी सगळे, म्हणजे लिक्विडची वाफ, धूळ, कुणाच्या खोकल्याचे जंतू, तेही तिथेच साचते आहे. एसी लावा, मात्र झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवा. त्याने बिल थोडे वाढेल, ते वाढू द्या.

टीव्ही, कॉम्प्युटर यांच्याबद्दल फार बोलत नाही. त्यांच्या प्लास्टिकला आग लवकर लागू नये म्हणून जी ब्रोमीनयुक्त रसायने घालत, त्यांतली काही शरीरात साठतात. २००९ पासून स्टॉकहोम करारात त्यांच्यावर जगभर बंदी येत गेली. जुन्या संचातून ती झिजून धुळीत उतरतात, आणि रांगणारे मूल ती धूळ हाताने तोंडात घालते. उपाय ओल्या फडक्याचा आहे. टीव्हीमागची धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्या भावांना मात्र एक शब्द सांगायचा आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिडिया मोरावस्का यांनी ६२ लेझर प्रिंटर तपासले, त्यांतल्या १७ मधून अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात निघत होते. तुम्ही टपरीएवढ्या जागेत दिवसभर मशीनला चिकटून बसता. तुमच्या डोक्यामागे एक एक्झॉस्ट फॅन हवाच.

आता इन्व्हर्टर. भारनियमनाच्या वर्षांत तो घरोघरी आला आणि जिन्याखाली, देवघराच्या खाली, कधी थेट पलंगाखाली बसला. आतली बॅटरी शिसे आणि गंधकाम्लाची. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारच्या वर गेले की एका ठिणगीने तो भडकतो. बॅटरीच्या जागेला वरच्या बाजूला झरोका हवा, कारण हा वायू हलका आहे, वर जातो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरताना बाजूला उदबत्ती नको.

लिथियमच्या बॅटऱ्यांची जात आणखी वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून गेला. अशी बॅटरी पेटली की बाहेरची हवा तोडून विझत नाही, आणि तिच्या धुरात फ्लोरीनचे आम्ल असते. ती झोपायच्या खोलीत चार्ज करू नये. बाहेर जायच्या दाराजवळ तर कधीच नाही, कारण पळायची वाटच बंद होते.

बॅटरी पेटते तेव्हा आवाज होतो. बोर्ड मात्र मुक्याने जळतो, आणि मला आज सर्वांत जास्त त्याच्याबद्दल सांगायचे आहे. गिझर किंवा पाण्याचा रॉड दोन हजार वॅटचा असला तर वायरीतून जवळपास ९ अँपिअर प्रवाह जातो. प्लगच्या पिनेखालचा स्क्रू ढिला झाला, तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, असे समजा. त्या एका बिंदूवर सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे भिंतीतल्या डबीत, प्लास्टिकला टेकून, सोल्डरिंग आयर्नपेक्षा तापट वस्तू रोज सकाळी अर्धा तास बसलेली असते. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. फ्यूज जात नाही. आधी प्लगचे भोक पिवळे पडते, मग तपकिरी, मग मासळीसारखा किंवा जळक्या रबरासारखा वास येतो. वायरमन येतो, नवा प्लग बसवतो, स्क्रू आवळतो आणि जातो. वायर मात्र दीडचीच राहते, जिथे अडीचची हवी होती. तिचे प्लास्टिक जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर होतो. शेजारी फोमची गादी असेल तर सायनाइडचा. आणि अर्धवट जळणाऱ्या प्रत्येक वस्तूतून कार्बन मोनॉक्साइड. हा शेवटचा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. पुण्या-नाशिकच्या न्हाणीघरांत गॅस गिझरने माणसे बेशुद्ध पडतात ती याच वायूमुळे.

मित्रहो, इथे भंडाऱ्यात उभा राहून मी हे बोलतो आहे, म्हणून पुढचे सांगणे टाळता येत नाही.

९ जानेवारी २०२१. रात्री दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षातून धूर येताना ड्यूटीवरच्या परिचारिकेला दिसला. तिने दार उघडले तेव्हा आत धूर भरलेला होता. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचवता आली. दहा गेली. पुढे चौकशीत आले, की बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमध्ये आगीची सुरुवात झाली. आरोग्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले, की तीन बाळे भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून गेली.

हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. दहातल्या सातांपर्यंत आग पोहोचलीच नव्हती. आग त्यांच्यापासून दूर होती, धूर त्यांच्यापर्यंत आला.

शास्त्र सांगतो. गरम धूर आधी छताला जाऊन साचतो आणि थरांनी खाली उतरतो. म्हणून आगीच्या खोलीतून रांगत बाहेर पडा असे शिकवतात. जमिनीलगत हवा शेवटपर्यंत बरी असते. तान्हे बाळ रांगत नाही. ते ओरडून कुणाला उठवत नाही, तोंडावर ओले फडके धरत नाही. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो; नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढते, आणि हवा विषारी असेल तर तेवढेच विष जास्त ओढते. त्यात अशा कक्षात प्राणवायू चालू असतो, त्यामुळे पेटलेले झपाट्याने पेटत जाते. म्हणून तिथे धूर ओळखून ओरडणारे यंत्र, धूर बाहेर ओढणारा पंखा आणि रात्रभर खोलीतच थांबणारा माणूस या तिन्हींना औषधाइतकीच किंमत हवी.

ती बाळे आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या खेड्यांतली होती. हातावर पोट असलेल्या आईबापांनी ती सरकारी दवाखान्याच्या विश्वासावर काचेपलीकडे ठेवली होती. नऊ महिने चुलीच्या धुरात काढलेल्या बाईने आपले मूल धुरापासून सर्वांत सुरक्षित असायला हव्या त्या खोलीत ठेवावे आणि तिथे त्याला धूर लागावा, यावर बोलायला मला शब्द सापडत नाहीत.

त्यानंतर राज्यभर रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या एसीपासून आग लागली आणि पंधरा रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी अकरा. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या मेडिकल कॉलेजात पुन्हा नवजात बाळांचा कक्ष, पुन्हा दहा. शॉर्ट सर्किट हे शब्द आपण असे उच्चारतो, जणू वीज पडावी तशी ती दैवी आपत्ती आहे. ढिला स्क्रू, लहान वायर, जुने पॅनल, बंद खिडकी आणि न वाजणारी घंटा यांची ती बेरीज असते. यातली प्रत्येक गोष्ट आधी दिसते. कुणीतरी पाहावी लागते.

घरी काय करायचे ते सांगतो. एक उदबत्ती खोलीच्या मधोमध लावा आणि पाच मिनिटे नुसते बघत बसा. धूर एका दिशेने सरकत खिडकीकडे गेला तर तुमच्या घराला वाट आहे. तो छताखाली तरंगत राहिला तर वाट नाही. वरच्या बाजूला झरोका काढा, नाही तर सयपाकघरात एक्झॉस्ट बसवा. मग उदबत्ती विझवा, तिचाही धूर धूरच आहे. आंघोळीनंतर गिझरचा प्लग काढून पिनेला बोट लावून पाहा. चटका बसला तर तो बोर्ड त्याच दिवशी बंद. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो कूलरच्या शॉकपासून जीव वाचवतो. एका एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज आणि कूलर एकत्र नको. चूल सुटत नसेल तर ती उघड्या पडवीत आणा, आणि घरातल्या पुरुषांनो, त्या चुलीपुढे दोन दिवस तुम्ही बसून पाहा. धुरांडे कुणी न सांगता बांधले जाईल.

घराबाहेरच्या जागांसाठी कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानुसार रुग्णालय, वसतिगृह, मंगल कार्यालय अशा इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. त्याला नमुना 'ब' म्हणतात. तो कागद दडवून ठेवण्यासारखा नाही. तुमची सून बाळंतपणाला ज्या दवाखान्यात जाणार आहे, तुमचा मुलगा ज्या वसतिगृहात राहतो, तुमच्या पुतणीचे लग्न ज्या कार्यालयात लागणार आहे, तिथे ॲडव्हान्स देण्याआधी हा कागद मागा. नाही म्हणाले तर नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या. भंडाऱ्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाच्या दर्शनी भागात चालू सहामाहीचा नमुना 'ब' लावलेला असावा, असा ठराव या सभेने आज करावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.